व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर: दुकानात नेहमी येणारे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं गिझर, इस्त्री, मिक्सर, पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीला वस्तू घेऊन माणूस येतो आणि जाताना एखादा प्रश्न विचारून जातो. दहावी-बारावीची मुलं येतात, आयटीआयची मुलं येतात, रबाळे-महापेच्या वर्कशॉपमधले लोक येतात, सोसायटीचे सेक्रेटरी येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे घरातला सिंगल फेज २३० व्होल्टचा सप्लाय धरला आहे.

सूत्रं नक्की किती आहेत?

दोनच. व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स, हा ओहमचा नियम. आणि पॉवर = व्होल्टेज × करंट. व्होल्टेज आणि करंट हातात असतील तर रेझिस्टन्ससाठी भागायचं, पॉवरसाठी गुणायचं.

करंट माहीत नसेल तर पॉवर = व्होल्टेजचा वर्ग ÷ रेझिस्टन्स. व्होल्टेज माहीत नसेल तर पॉवर = करंटचा वर्ग × रेझिस्टन्स. ही दोन्ही वरच्याच दोन सूत्रांतून निघतात, वेगळी पाठ करायची गरज नाही. शाळेच्या पेपरात विभवांतर, विद्युतधारा, रोध असं लिहा. पाण्याच्या टाकीचं आणि नळाचं उदाहरण शाळेत ऐकलं असेलच, इथे ते देत नाही. गणित सोपं आहे. गडबड होते ती आकडा चुकीच्या जागेवरचा किंवा चुकीच्या वेळचा धरल्यामुळे, आणि खालचे जवळजवळ सगळे प्रश्न तिथूनच येतात.

एक हिशोब करून दाखवा ना.

१००० वॅटची साधी इस्त्री घ्या. चालू असताना प्लगपाशी व्होल्टेज मोजलं, आलं २२६. करंट आला ४.२ अँपिअर.

रेझिस्टन्स = २२६ ÷ ४.२ = ५३.८ ओहम.
पॉवर = २२६ × ४.२ = ९४९ वॅट.

आता इस्त्रीवर छापलेल्या आकड्यांवरून काढा. २३० चा वर्ग ५२,९००, भागिले १००० म्हणजे ५२.९ ओहम. मोजून आलेल्या ५३.८ शी हे जवळपास जुळतं. उरलेला फरक कॉइल बनवताना पडणारा आणि मीटरचा. एवढा फरक दिसला म्हणून कॉइल बदलू नका. आकडा दुप्पट किंवा निम्मा आला तर मात्र कॉइलकडे बघा.

५२,९०० हा आकडा एकदा डोक्यात बसवून ठेवा. कुठल्याही कॉइलच्या वस्तूवर लिहिलेल्या वॅटने त्याला भागलं की रेझिस्टन्स हजर.

मीटर लावायचा कुठे?

व्होल्टेज मोजताना मीटर वस्तूच्या दोन टोकांवर, म्हणजे पॅरललमध्ये. करंट मोजताना सर्किट तोडून मीटर मध्ये घालायचा, म्हणजे सिरीजमध्ये. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि तसाच मीटर प्लगच्या दोन भोकांत घातला, तर तो सरळ शॉर्ट होतो. मीटरचा फ्यूज उडाला तर नशीब समजा. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला कधी कधी फ्यूजच नसतो.

म्हणून घरच्या लाइनचा करंट मल्टिमीटरने मोजूच नका. क्लॅम्प मीटर घ्या, ज्याला जुने वायरमन टाँग टेस्टर म्हणतात. वायर कापावी लागत नाही, जबड्यात धरली की आकडा येतो. पण जबड्यात एकच वायर हवी. अख्खी केबल धरली तर फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. ‘मीटर बिघडलाय’ म्हणून आमच्याकडे आलेले कितीतरी क्लॅम्प मीटर असे ठणठणीत निघाले.

ओहमच्या रेंजवर मोजताना वस्तू प्लगमधून पूर्ण काढलेली असली पाहिजे. नुसतं बटण बंद करून चालत नाही.

गिझरवर २००० वॅट लिहिलंय, पण पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. कॉइल कमजोर झाली का?

कॉइल अशी कमजोर होत नाही. आधी व्होल्टेज मोजा, तेही गिझर चालू असताना.

२००० वॅट हे २३० व्होल्टवर. तेव्हा रेझिस्टन्स २६.४५ ओहम आणि करंट ८.७ अँपिअर. आता समजा संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगचे एसी चालू आहेत आणि तुमच्या प्लगपाशी २१० च येतायत. कॉइलचा रेझिस्टन्स तोच राहतो, त्यामुळे करंटही कमी होतो. पॉवर = २१० चा वर्ग ÷ २६.४५ = १६६७ वॅट. व्होल्टेज नऊ टक्के उतरलं तर पॉवर जवळजवळ सतरा टक्के उतरते, कारण सूत्रात वर्ग आहे.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण १८८४ किलोज्यूल लागतात. २००० वॅटवर ते काम पावणेसोळा मिनिटांत होतं, १६६७ वॅटवर जवळपास एकोणीस मिनिटं लागतात. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता यात धरलेली नाही, म्हणजे प्रत्यक्षात थोडं जास्तच.

व्होल्टेज ठीक असेल तर प्लग काढून कॉइलच्या दोन टोकांत ओहम मोजा. २६ च्या आसपास आले तर कॉइल ठीक आहे, आणि संशय थर्मोस्टॅटवर किंवा कॉइलवर साचलेल्या क्षारांवर जातो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. आणि कॉइलचं टोक आणि गिझरची बॉडी यांच्यात मीटरने ओहम दाखवले तर तो गिझर पुन्हा लावू नका, दुरुस्तीला पाठवा.

१०० वॅटचा पिवळा बल्ब मीटरवर ४० ओहम दाखवतो. सूत्राने ५२९ यायला हवेत. कोण खोटं बोलतंय?

दोघंही खरं बोलतायत. मीटर थंड फिलामेंट मोजतो, सूत्र पेटलेली. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रेझिस्टन्स दहा-पंधरा पट वाढतो. ओहमचा नियम तापमान कायम असताना लागू होतो, आणि पुस्तकातली ही अट आपण गाळून वाचतो.

बटण दाबताक्षणी बल्ब थंड असतो, म्हणून त्या पहिल्या क्षणी करंट कितीतरी जास्त असतो. असे बल्ब बहुतेकदा लावतानाच उडतात ते यामुळे. गिझर-इस्त्रीची कॉइल नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते आणि तापल्यावर तिचा रेझिस्टन्स फार थोडा वाढतो, म्हणून तिथे थंड मोजलेला आकडा चालतो.

जाता जाता: गेओर्ग ओहमने आपला नियम १८२७ साली पुस्तकात मांडला. त्याआधी प्रयोग करताना बॅटरीचं व्होल्टेज एकसारखं राहीना, तेव्हा त्याने थर्मोकपल (तापमानाच्या फरकावर व्होल्टेज देणारा दोन धातूंचा सांधा) वापरून स्थिर व्होल्टेज मिळवलं. ज्याच्या नावाचा नियम, त्यालाही आधी आकडा स्थिर करून घ्यावा लागला होता.

पंख्याच्या वाइंडिंगला मीटरवर २०० ओहम आले. हिशोबाने २६४ वॅट होतात, पंखा तर ७५ वॅटचा!

वाइंडिंग म्हणजे नुसती तार नाही, लोखंडावर गुंडाळलेली कॉइल आहे. मीटर आतल्या बॅटरीवर, म्हणजे डीसीवर मोजतो, त्यामुळे त्याला फक्त तांब्याचा रेझिस्टन्स दिसतो. एसीवर त्या कॉइलचा स्वतःचा विरोध वेगळा असतो, शिवाय पंखा फिरायला लागला की मोटर उलट व्होल्टेज तयार करते. दोन्ही मिळून करंट एक तृतीयांश अँपिअरच्या आसपास रोखून धरतात. मोटरच्या बाबतीत मीटरवरच्या ओहमवरून वॅट काढायचेच नाहीत. तो आकडा वाइंडिंग तुटलंय का, शॉर्ट झालंय का, एवढं बघण्यासाठी.

आमच्या रबाळ्याच्या शेडमध्ये ५ एचपीची थ्री फेज मोटर आहे. ४१५ व्होल्ट, साडेसात अँपिअर. पॉवर किती?

४१५ × ७.५ = ३११२ वॅट म्हणाल तर चुकलात. ५ एचपी म्हणजेच ५ × ७४६ = ३७३० वॅट. मोटर घेते त्यापेक्षा जास्त देते असं व्हायला लागलं तर एमआयडीसीत कोणी बिलच भरणार नाही.

थ्री फेजला १.७३२ ने गुणायचं: १.७३२ × ४१५ × ७.५ = ५३९१ व्होल्ट-अँपिअर. त्याला पॉवर फॅक्टरने गुणायचं. फुल लोडवर या मोटरचा तो ०.८२ च्या आसपास असतो, म्हणजे ४४२० वॅट. शाफ्टवर मिळतात ३७३०, बाकीचे उष्णतेत, घर्षणात आणि मोटरच्या पंख्यात जातात. एफिशियन्सी ८४ टक्के.

पॉवर फॅक्टर का? कारण मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, आणि नुसत्या गुणाकारातला काही भाग काम न करता लाइनमध्ये ये-जा करत राहतो. मोटर रिकामी फिरत असेल तर पॉवर फॅक्टर फार खाली येतो, म्हणून क्लॅम्पवर चार अँपिअर दिसले की ‘निम्मा लोड आहे’ असं समजू नका. कॅपॅसिटर पॅनल लावतात ते हा आकडा सुधारायला. कॉइलच्या वस्तूंचा पॉवर फॅक्टर एक असतो, म्हणून गिझर-इस्त्रीला हा विचारच करावा लागत नाही.

गिझरचा प्लग काढला तर पिन काळी आणि प्लास्टिक वितळलेलं. ओव्हरलोड झाला का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यात कमी लोकांना पटतं.

प्लग १६ अँपिअरचा, गिझर ८.७ चा, म्हणजे लोड हद्दीत आहे. पण पिन सैल बसली किंवा आतला स्क्रू ढिला असला की त्या एका जागी थोडा रेझिस्टन्स तयार होतो. समजा ०.२ ओहम. पॉवर = करंटचा वर्ग × रेझिस्टन्स, म्हणजे ८.७ × ८.७ × ०.२ = १५ वॅट. वाचायला किरकोळ वाटतं. पण सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो आणि तेवढ्यावर शिसं वितळवतो. इथे त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता एका पिनेच्या टोकावर, बंद प्लास्टिकमध्ये, रोज सकाळी वीस मिनिटं. ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर असेल तर करंट १३ अँपिअर आणि त्याच सांध्यावर ३४ वॅट.

पुढे काय होतं तेही बघा. तापल्यामुळे पितळ काळं पडतं, स्प्रिंग ढिली होते, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापतं. एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, यातलं काहीच कळत नाही. त्याला करंट दिसतो, आणि करंट तर जागेवरच आहे. उलट किंचित कमीच झालाय.

म्हणून नुसता प्लग टॉप बदलून उपयोग नाही, आतला सॉकेटही बदला. जुन्या सॉकेटची ढिली स्प्रिंग नव्या पिनेलाही आठवड्याभरात काळी करते. आणि वायरमन स्क्रू आवळून झाल्यावर वायर ओढून बघतो का, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

मंडळाच्या मंडपात शेवटच्या टोकाचे हॅलोजन मंद पडतात आणि साउंडवाला कुरकुर करतो. जनरेटर बदलू का?

आधी वायर बघा. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक वायर किलोमीटरला साधारण १९.५ ओहम असते. मंडप ५० मीटर लांब असेल तर जाणं-येणं मिळून १०० मीटर, म्हणजे १.९५ ओहम. टोकाला ८ अँपिअरचा लोड असेल तर वाटेतच १५.६ व्होल्ट खाल्ले जातात आणि वायर १२५ वॅटने तापत राहते. तीच लाइन चार स्क्वेअर एमएमने ओढली तर रेझिस्टन्स अर्धा ओहम, ड्रॉप चार व्होल्ट, उष्णता ३२ वॅट.

ड्रमवर गुंडाळलेली एक्स्टेंशन वापरत असाल तर पूर्ण उलगडा. गुंडाळीतल्या वायरची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते.

१६ अँपिअरच्या एमसीबीवर किती लोड चालेल?

२३० × १६ = ३६८० वॅट. गिझर ८.७, इस्त्री ४.३ आणि दीड टनाचा एसी ७, असे एकाच लाइनवर आले तर २० अँपिअर होतात. तरी एमसीबी लगेच पडत नाही, आणि लोक म्हणतात ‘चालतंय की’. त्याची रचनाच तशी आहे: १.१३ पट करंटला तो तासाभरात पडायचा नाही, १.४५ पटाला तासाभरात पडलाच पाहिजे, आणि मधल्या भागात कधीही. तेवढा वेळ भिंतीतली वायर तापत असते.

वारंवार पडतो म्हणून ३२ चा एमसीबी बसवू नका. तो वायरच्या रक्षणासाठी आहे, आधी वायर जाड करा. वीजबिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये छापलेला असतो, नवा एसी घेण्याआधी तोही बघा.

६० आणि १०० वॅटचे बल्ब सिरीजमध्ये लावले तर कुठला जास्त उजेड देईल?

६० चा. त्याचा रेझिस्टन्स ८८२ ओहम, १०० चा ५२९. सिरीजमध्ये करंट दोघांत सारखाच, ०.१६३ अँपिअर, म्हणून ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याला पॉवर जास्त: ६० ला २३ वॅट, १०० ला १४. परीक्षेत एवढं पुरे. प्रत्यक्षात दोन्ही फिलामेंट पूर्ण तापत नाहीत आणि १०० वाला आणखीच मंद दिसतो.

आमच्या टेबलावरचा सिरीज बोर्ड याच तत्त्वावर आहे. दुरुस्त केलेली वस्तू आधी १०० वॅटच्या बल्बमागे सिरीजमध्ये लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बल्ब थंड असतानाचा पहिला क्षण सोडला तर करंट ०.४३ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. फ्यूज उडत नाही.

लोकलच्या तारेत २५,००० व्होल्ट कशाला? घरी २३० वर सगळं भागतं.

आपल्याकडची पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. मध्य रेल्वेची ही लाइन पुढे टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर आली, हार्बर २०१६ मध्ये.

समजण्यासाठी एक आकडा धरू. गाडीला १५०० किलोवॅट हवेत आणि तारेचा रेझिस्टन्स ०.०३ ओहम आहे. १५०० व्होल्टवर करंट १००० अँपिअर, तारेत वाया जातात १००० × १००० × ०.०३ = ३०,००० वॅट. २५,००० व्होल्टवर करंट ६० अँपिअर, वाया जातात १०८ वॅट. मंडपाच्या वायरचं गणित आणि हे गणित एकच आहे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला एवढी जाड वायर का?

१२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. वायरमध्ये ०.०१ ओहम असला तरी २५ वॅट जातात आणि अर्धा व्होल्ट पडतो. आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी ६०० वॅटला तीन तास पुरेल असा कागदी हिशोब करू नका. इन्व्हर्टर स्वतः काही खातो, शिवाय जोरात उपसली की बॅटरी कमी देते. दोन तासांच्या पुढे फारसं धरू नका.

मीटर न घेता घरातल्या वस्तूची पॉवर मोजता येईल का?

येईल. विजेच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. बाकी सगळं बंद करा, एकच वस्तू चालू ठेवा, मिनिटभर मोजा. ३२ वेळा लुकलुकला तर ०.०१ युनिट, तासाला ०.६ युनिट, म्हणजे ६०० वॅट. यात पॉवर फॅक्टरही आपोआप धरला जातो, त्यामुळे फ्रिज-पंख्यासाठी क्लॅम्पपेक्षा ही रीत बरी. फ्रिज मात्र कॉम्प्रेसर चालू असताना मोजा.

शॉकचं गणितही असंच का?

असंच, फक्त रेझिस्टन्स तुमचा. हातापासून पायापर्यंत साधारण १५०० ओहम धरले तर २३० ÷ १५०० = ०.१५ अँपिअर. एवढ्याने हृदय थांबू शकतं. अंग ओलं असेल तर रेझिस्टन्स आणखी खाली येतो, म्हणून पावसाळ्यात ओल्या गॅलरीत वॉशिंग मशीनला हात लावताना चप्पल हवी. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अंगातून किंवा जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबा. एमसीबी इथे कामाला येत नाही, त्याच्या दृष्टीने ०.१५ अँपिअर म्हणजे काहीच नाही.

शिकायला कुठला मीटर घेऊ?

शाळेच्या प्रयोगाला सेलवर चालणारा साधा मल्टिमीटर पुरतो. घरच्या लाइनवर काम करायचं असेल तर कॅट थ्री ६०० व्होल्ट (घरच्या वायरिंगवर वापरायच्या मीटरचा सुरक्षिततेचा दर्जा) लिहिलेला, एसी-डीसी दोन्ही करंट मोजणारा क्लॅम्प घ्या. अर्धा अँपिअर मोजायला तो कच्चा पडतो, तेव्हा वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आलेला आकडा दहाने भागा.